मधली दोन फूट मोकळी जागा

मेव्हण्याने कॅटलॉग टेबलावर उघडून ठेवला आणि टेपरावांनी तो शांतपणे मिटला. झालं ते एवढंच. पण माणसाने कॅटलॉग मिटताना पुढचा विचार करावा, निदान घर बांधायला काढलेलं असताना तरी करावा.

"स्वयंपाकघराचा आराखडा मी करणार," टेपराव म्हणाले.

बायकोच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. आईने वर्तमानपत्र खाली घेऊन चष्म्यावरून लेकाकडे पाहिलं. मेव्हणा हसला नाही, पण न हसायला त्याला किती कष्ट पडताहेत ते सगळ्यांना दिसलं.

टेपराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका मोठ्या गोदामात कामाला होते. कुठला खोका कुठल्या फळीवर ठेवला म्हणजे माल काढणाऱ्याला कमीत कमी चालावं लागेल, हे ठरवणं त्यांचं काम. खिशात मोजायचा टेप कायमचा, त्यामुळे गोदामात नाव पडलं टेपराव, आणि एक दिवस गोदामाच्या ड्रायव्हरने घरी फोन करून "टेपराव आहेत का?" असं विचारल्यापासून ते घरीही चिकटलं. गोदामात त्यांचा शब्द शेवटचा असे. साबणाचे खोके मागच्या भिंतीवरून उचलून दाराजवळ आणल्याने माणसांची इतकी पावलं वाचली होती की मोठ्या साहेबांनी त्यांना सर्टिफिकेट दिलं. ते फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलं होतं. (फ्रिजचं दार जोरात लावलं की ते तिरकं व्हायचं. मग टेपराव उठून सरळ करायचे.)

घरात मात्र त्यांच्या मोजमापाची ख्याती निराळी होती, आणि तिला कारण एक कपाट. काही वर्षांपूर्वी टेपरावांनी एक कपाट बनवून घेतलं. दार मोजलं, जिना मोजला, वळण मोजलं, कपाट इंचाइंचाने मोजलं. फक्त कपाटाचे पाय मोजायचे राहिले. ते कपाट चौदा महिने जिन्यात उभं होतं. शेजाऱ्यांनी त्यात छत्र्या ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे सुताराला बोलावून पाय कापले. त्या दिवसापासून टेपरावांनी घरात काहीही मोजलं, अगदी तापही, तरी बायको एकच विचारायची, "पाय धरून का?"

आत्ताही तिने तेच विचारलं.

"चेष्टा नको," टेपराव म्हणाले. "हा माझ्या धंद्याचा विषय आहे. स्वयंपाकघर म्हणजे काय, लहान गोदामच."

"अहो, ऐका," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. "एकोणीस वर्षं मी या भाड्याच्या स्वयंपाकघरात काढली. खिडकी उघडली की भिंत. दिवसभर तोंड शेगडीकडे आणि पाठ घराकडे. आता आपलं घर होतंय, ते एकदाच होणार. हे स्वयंपाकघर मला शेवटपर्यंत वापरायचंय. चुकलं तर पाय कापून भागणार नाही."

"चुकणार नाही."

"बघा बरं."

मेव्हणा तयार स्वयंपाकघरं विकत असे. त्याचं दुकान होतं, दुकानात चकाकणारे ओटे होते, आणि ताईच्या नव्या घरात आपलाच ओटा बसणार हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही म्हणता ना की सगळा खेळ पावलांचा? मग तसंच करू. आत्ताच्या स्वयंपाकघरात एका जेवणाला ताईची किती पावलं पडतात ते तुम्ही मोजा. नव्या घरातल्या पहिल्या रविवारी मी येतो, तेव्हा तेच जेवण करायचं आणि तिथली पावलं मी मोजणार. एक जरी पाऊल जास्त भरलं, तरी तुमचा ओटा काढायचा आणि माझा बसवायचा. वर सगळ्यांसमोर म्हणायचं, मला यातलं काही कळत नाही."

"आणि कमी भरली तर?"

"तर हा कॅटलॉग तुमच्या घरात पुन्हा उघडणार नाही."

टेपरावांनी हात पुढे केला. आईने वर्तमानपत्र परत वर घेतलं, पण ते उलटं होतं.

*

सोमवारी टेपरावांनी आठवड्याची रजा टाकली. बाल्कनीतलं उंच स्टूल आणलं, टेपने स्वयंपाकघराचा बरोबर मध्य काढला आणि तिथे ते मांडून वर चढून बसले. निरीक्षण करणाऱ्याने मध्यावर असावं, म्हणजे चारी बाजू सारख्या दिसतात, हे गोदामाचं शास्त्र. मांडीवर वही. वहीत रकाने: वस्तू, जाणं, येणं, एकूण पावलं.

"तुम्ही इथे बसणार?" बायकोने विचारलं.

"मी इथे नाहीच असं समज."

"समजते," ती म्हणाली. (त्याची तिला सवय होती.)

पहिल्या दिवशी ती दोनदा स्टुलाला आपटली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवसापासून तिला सवय झाली आणि ती शेगडीकडून सिंककडे, सिंककडून फ्रिजकडे अशी सराईतपणे वळसा घालून जाऊ लागली. टेपराव प्रत्येक वळसा तंतोतंत लिहीत. पेन्सिल कानावर, मान खाली, नजर तिच्या पावलांवर.

सोमवारीच तासाभराने ती म्हणाली होती, "अहो, तुम्ही नाहीच आहात, पण तेवढं मीठ द्या."

मिठाचा डबा स्टुलामागच्या फळीवर, हाताच्या अंतरावर. टेपरावांनी नजर न उचलता तो दिला आणि वहीत लिहिलं: मीठ, पावलं शून्य.

मंगळवारी चमचे. बुधवारी लायटर आणि सुरी. गुरुवारी तिने कांद्यांची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हात रिकामेच आहेत ना?" टेपरावांना ते पटलं, कारण पावलं मोजायला डोळे लागतात, हात लागत नाहीत. ते कांदे चिरत मोजू लागले. डोळ्यांतून पाणी यायचं, पण एकही पाऊल सुटलं नाही. कांदा, पावलं शून्य.

आणि या सगळ्यात ती बोलत होती. तिची शाळेतली मैत्रीण, जिच्या केसांना एकदा डिंक लागला होता. तिला स्वतःला लहानपणी पोहायला शिकायचं होतं आणि पहिल्याच दिवशी तलावाच्या काठावरून ती घरी कशी परत आली. समोरच्या बाई रोज दूध उतू का घालवतात, याबद्दलचा तिचा अंदाज. टेपरावांना उठून जायची सोय नव्हती, कारण पावलं चुकली असती. तेव्हा ते ऐकत होते, मधेच हसत होते, आणि एकदा तर "मग पुढे?" असंही म्हणाले. एकोणीस वर्षांत ते स्वयंपाकघरात इतका वेळ कधी थांबले नव्हते. वहीत मात्र यातलं काही उतरलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी बेरीज केली. दुपारच्या एका जेवणाला सरासरी दोनशे बारा पावलं. आणि दोन शोध लागले, ज्यांनी ते स्वतःच चकित झाले.

पहिला शोध: स्वयंपाक करणारा माणूस सरळ चालत नाही. तो कमानीत चालतो. जगातले सगळे ओटे सरळ आहेत, म्हणजे ते सगळे चुकले आहेत. ओटा गोलसर हवा, घोड्याच्या नालेसारखा, आणि त्याच्या मधली दोन फूट जागा पूर्ण मोकळी, कारण तिथून कुणी जातच नाही.

दुसरा शोध: मीठ, चमचे, सुरी, लायटर आणि कांदा यांच्याकडे आठवड्यात एकही पाऊल पडलं नाही. आता गोदामात ज्या मालाकडे कुणी फिरकत नाही त्याला मेलेला माल म्हणतात. तो दाराशी ठेवून जागा अडवायची नसते. तो जातो सगळ्यात मागे, सगळ्यात वर. टेपरावांनी तो नियम इथे डोळे मिटून लावला.

आराखडा बायकोपुढे ठेवला तेव्हा तिचं बोट आधी वरच्या कोपऱ्यावर थांबलं.

"मीठ कोपऱ्यातल्या फळीवर? छताला लागून?"

"आकडे बघ. सात दिवसांत तू मिठाकडे एकदाही गेली नाहीस."

तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मग परत कागदाकडे. मग तिचं बोट हळूहळू सरकत कागदाच्या मध्यावर आलं.

"आणि ही जागा?"

"ती मोकळी. तिथून तू जात नाहीस."

"केवढी आहे?"

"दोन फूट."

"पाय धरून?"

"अगं, मोकळ्या जागेला पाय असतात का?"

"बरं," ती म्हणाली आणि खाली सही केली. सही करताना तिच्या ओठांचे कोपरे हलत होते. टेपरावांना वाटलं, बिचारीला भरून आलं.

*

गवंडी हा साठीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने आराखडा सरळ धरून पाहिला, मग आडवा, मग उलटा.

"साहेब, ओटा सरळ असतो."

"असायचा. आता नाही."

"मधे खांब येणार आहे?"

"नाही."

"मग बाईमाणूस वळसा कशाला घालेल?"

"ती नैसर्गिक चाल आहे. माझ्याकडे आठवड्याची नोंद आहे."

गवंडी रिकाम्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेला. अगदी सरळ. तिथून वळून त्याने टेपरावांकडे पाहिलं.

"तुम्ही स्वयंपाक करत नव्हतात," टेपराव म्हणाले.

 पण गवंडीही जुना माणूस. एवढ्यावर वीट लावणार नाही म्हणाला, आधी खडूने आखू आणि ताईंना चालवून बघू. टेपराव खूश झाले, कारण प्रयोगाला ते कधी नाही म्हणत नसत. बारा बाय बारा फुटांच्या नव्या कोऱ्या खोलीत खडूने ओटा आखला, शेगडीच्या जागी वीट, सिंकच्या जागी घमेलं, फ्रिज म्हणून गवंड्याची सायकल. टेपराव वही घेऊन उभे राहिले. कुठे, ते सांगायला नको. मधल्या दोन फुटांत.

"कर सुरू," ते म्हणाले.

बायकोने खोटा स्वयंपाक सुरू केला. विटेकडून घमेल्याकडे, घमेल्याकडून सायकलीकडे, सुरेख वळसे घालत. मधेच तिने हात पुढे केला आणि टेपरावांनी नकळत हातातली पेन्सिल चमचा म्हणून दिली. तिने वीट ढवळली आणि पेन्सिल परत केली.

"बघा," टेपराव गवंड्याला म्हणाले. "कुठे अडतंय?"

गवंड्याने डोकं खाजवलं. खरंच कुठे अडत नव्हतं. तरी जाताना त्याने बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलंच, "ताई, खरं सांगा. तिथे मधे काय येणार?"

"येणार आहे एक वस्तू," ती म्हणाली. "जुनीच आहे, घरातलीच. मापं यांनी घेतलीत, फक्त यांना माहीत नाही."

 गवंडी मिशीत हसला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने असा काही ओटा घडवला की विचारू नका. गोलाईला एक खड्डा नाही, एक उंचवटा नाही. खिडकीही अशी बसवली की शेगडीपुढे उभं राहिलं की रस्ता दिसावा आणि जरा मान वळवली की आख्खं घर दिसावं.

*

नव्या घरातला पहिला रविवार उजाडला. मेव्हणा सकाळी दहाला आला. कॅटलॉग काखेत नव्हता, गाडीत होता, पण गाडी दारातच होती. टेपरावांनी नवा शर्ट घातला होता आणि ते स्वयंपाकघराच्या दारात, पाहुण्यासारखे, हात मागे बांधून उभे होते. आई बाजूच्या खुर्चीत. आता निरीक्षक मेव्हणा होता, तेव्हा आपण आत असणं बरं नव्हे, असं टेपरावांचं म्हणणं.

"करा सुरुवात," मेव्हणा म्हणाला आणि त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

बायको शेगडीशी गेली. भांडं ठेवलं. लायटर हवा. लायटर छताखालच्या फळीवर. ती कोपऱ्यात गेली, स्टूल ओढलं, चढली, काढला, उतरली.

"चौदा," मेव्हणा म्हणाला. "चढणं धरायचं की नाही?"

"चढणं म्हणजे पाऊल नव्हे," टेपराव घाईने म्हणाले.

"जाऊ दे, नाही धरत."

कांदे हवेत. परत कोपरा, परत स्टूल. सुरी हवी. सुरी कांद्यांच्या शेजारीच होती, पण कांदे घेतले तेव्हा दोन्ही हात भरलेले, म्हणून परत. मग ती शेगडीकडून सिंककडे निघाली, मधे कुणी नव्हतं, तरी ओटा गोल, तिथले कोपरे गोल, त्यामुळे कुठूनही कुठे जायचं तरी मोकळ्या मैदानातून हिंडल्यासारखं. भाजी अर्धी शिजली. मीठ हवं. स्टूल.

"दोनशे तेरा," मेव्हणा म्हणाला, आणि भाताला अजून पाणीही ठेवलेलं नव्हतं.

टेपरावांच्या नव्या शर्टाची कॉलर ओली झाली. त्यांच्या डोळ्यांपुढे ते कपाट आलं, जिन्यातलं, छत्र्यांसकट. पण खरं सांगायचं तर मेव्हण्याचं हसू त्यांना तेवढं लागलं नाही. त्यांना लागलं ते बायको स्टुलावरून उतरताना गुडघ्याला हात लावत होती ते. शेवटपर्यंत वापरायचंय, असं ती म्हणाली होती, आणि आपण तिचं मीठ छताला नेऊन ठेवलं. 

"थांब," ते म्हणाले. "पुरे. चुकलं माझं. तो कॅटलॉग आण गाडीतून."

मेव्हण्याने आनंदाने किल्ली काढली. बायको मात्र कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत उभी राहिली. ती कशाची तरी वाट बघत होती.

"अरे," आई खुर्चीतून म्हणाली, "एक विचारू? त्या घरात तू आठवडाभर मोजलंस ना? ते कुठे बसून?"

"मध्यावर. स्टुलावर."

"आणि इथे मध्यावर काय आहे?"

"काही नाही. तिथून ती जातच..."

टेपराव बोलता बोलता थांबले. त्यांनी वही काढली आणि पानं उलटायला लागले. गुरुवारचं पान आलं. पानाला वाळलेलं कांद्याचं साल चिकटलेलं होतं. कांदा, पावलं शून्य. त्यांनी ते साल नखाने काढलं आणि उजेडात धरलं. माणूस आपलं सगळं शास्त्र असं चिमटीत धरून उभा राहिलेला तुम्ही पाहिला नसेल.

मग ते आत गेले. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, वरच्या फळीवरून मीठ, चमचे, सुरी, लायटर, कांदे, सगळा मेलेला माल खाली काढला आणि स्टूल बरोबर मधल्या दोन फुटांत ठेवून मांडीवर पसारा घेऊन बसले.

"संध्याकाळचं जेवण परत मोज," ते मेव्हण्याला म्हणाले.

"हे कुठे ठरलं होतं?" मेव्हणा म्हणाला. "आत माणूस बसवायचा, असं बोलणं नव्हतं झालं."

"जुन्या घरातली दोनशे बारा मोजली तेव्हा माणूस बसलेलाच होता," आई म्हणाली. "दोन्हीकडे सारखं नको? वहीत कांद्याचं साल आहे. पुरावा आहे."

मेव्हण्याचा आईंपुढे इलाज चालत नसे. शिवाय त्याला वाटलं, दोनशे तेरावरून खाली येऊन येऊन किती येणार.

संध्याकाळी तेच जेवण झालं. बायको वळली की शेगडी, वळली की सिंक, हात मागे केला की मीठ. तो ओटा त्या मधल्या माणसाभोवती मापाने शिवलेला होता. ती मागायच्या आत चमचा पुढे येत होता, कांदा चिरून तयार, लायटर पेटायच्या बेतात. गोल ओट्यावरून पातेलं एका हाताने सरकत पुढच्या जागी पोचत होतं. आणि बोलणं चालू. तलावाच्या काठावरून घरी परत आलेल्या मुलीची गोष्ट जिथे राहिली होती तिथून पुढे सुरू झाली. मेव्हणा दारात उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होता. भात उतरला तेव्हा तो गप्प झाला.

"किती?" टेपरावांनी विचारलं.

"परत एकदा मनात बेरीज करतो."

"कर की."

"एकशे एकतीस," मेव्हणा म्हणाला.

गोदामातल्या साबणाच्या खोक्यांना जे जमलं नव्हतं ते झालं होतं. एक्क्याऐंशी पावलं एका जेवणाची. टेपराव स्टुलावरून खाली उतरलेच नाहीत, तिथेच ताठ बसले, मांडीवर कांद्याची सालं, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं तेज की फ्रेममधलं सर्टिफिकेट फिकं पडावं. मेव्हणा प्रामाणिक माणूस. त्याने दोनदा भाजी वाढून घेतली, हात धुतले आणि म्हणाला, "भाऊजी, मानलं. असा ओटा माझ्या दुकानात नाही." कॅटलॉग गाडीतून उतरलाच नाही.

"कपाटाच्या वेळी पाय राहिले होते," आई हात पुसत म्हणाली. "या वेळी आख्खा माणूस मोजायचा राहिला. प्रगती आहे."

सगळे पांगल्यावर टेपराव ताटं पुसत होते आणि बायको ती फळीवर लावत होती.

"तुला पहिल्यापासून कळलं होतं," ते म्हणाले.

"आराखडा बघितला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? मी कॅटलॉग आणायला सांगत होतो. हरलो असतो."

"तुम्ही उशिरा कळणारे आहात, पण न कळणारे नाहीत," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी भिंतीशी बोलत स्वयंपाक केला. तो एक आठवडा तुम्ही बसलात. मला फार बरं वाटलं हो. आणि तुमच्या कागदावर बघते तर मधोमध तुमची जागा सोडलेली, तुमच्याच हाताने. ती चूक मी कशाला दुरुस्त करू? मी बोलावून बसवलं असतं तर दोन दिवस बसला असतात. ओटा बांधून झाल्यावर कुठे जाल?"

 टेपरावांनी एकच ताट चार वेळा पुसलं.

*

इथेच थांबलं असतं तर टेपराव आजही गल्लीतून छाती काढून चालले असते. पण महिन्याभराने गोदामात मालमोजणी निघाली आणि लागोपाठ तीन दिवस त्यांना घरी यायला जेवणाची वेळ टळून गेली. चौथ्या दिवशी ते वेळेवर आले, हात धुऊन स्वयंपाकघरात शिरले आणि दारातच थबकले.

त्यांच्या जागेवर एक फळी उभी होती. उंच, गोल, कप्प्यांची, फिरती, खाली चाकं असलेली, मेव्हण्याच्या दुकानातून आलेली. तिच्यावर मीठ, चमचे, सुरी, लायटर, कांदे. बोट लावलं की हवी ती वस्तू समोर. दोन फूट, बरोबर.

टेपराव दारात उभे राहिले आणि सवयीने मोजू लागले. बायकोचा स्वयंपाक होईपर्यंत आकडा भरला एकशे वीस. त्यांच्यापेक्षा अकरा कमी.

 माणूस गोदामाचा, आकड्यापुढे वाकणारा. "राहू दे ती," ते म्हणाले. "आकडे आकडे असतात." आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. (या वेळी तेही उलटं होतं.)

पाच मिनिटांनी आतून घरघर ऐकू आली. बायको ती फळी ढकलत बाल्कनीत नेत होती.

"अगं, काय करतेस? अकरा पावलं वाचत होती."

"वाचत होती," ती म्हणाली. "पण तीन दिवस मी तिला सगळं सांगतेय. एकदा 'मग पुढे?' म्हणेल तर शपथ."

टेपरावांची छाती पुन्हा पहिल्या जागी आली. ते आत गेले, स्टूल मध्यावर ठेवलं आणि ऐटीत चढून बसले. "म्हणजे फळीपेक्षा मी बरा."

"ऐकायला बरे," ती म्हणाली आणि कांद्यांची टोपली मांडीवर ठेवली. "शिवाय फळीकडून कांदे चिरून मिळत नाहीत."

टेपरावांनी सुरी उचलली. समोरच्या भिंतीवर, सर्टिफिकेटच्या शेजारी, बायकोने त्यांचा आराखडा फ्रेम करून लावला होता, हे त्यांना आत्ताच दिसलं. त्यांना आनंदाने हसू फुटलं. मग त्यांनी डोळे पुसून नीट पाहिलं. मधल्या मोकळ्या गोलात तिने बारीक अक्षरात, गोदामाच्या यादीत लिहितात तसं, लिहिलं होतं: "एक नग, जुना. पाय धरून."